चवळीखाऊची साक्ष

वकीलबाईंचा फोन आला तेव्हा असितान केइता चौथीच्या वर्गाला नद्या शिकवत होती. तीनदा सांगूनही अर्ध्या वर्गाने नकाशात जोलिबा नदी उलटी वाहवली होती, आणि असितानच्या हातातल्या खडूचे रागाने दोन तुकडे झाले होते. बेल्जियमचा नंबर दिसला म्हणून तिला वाटलं, धाकटा भाऊ नुहूम असेल, पुन्हा पोट बिघडलं म्हणून रडगाणं असेल. पण पलीकडे त्याच्या फुटबॉल क्लबच्या वकीलबाई होत्या, आणि वाईट बातमी सांगण्याआधी डॉक्टर करतात तसा मऊ आवाज त्यांनी केला होता.

"शनिवारच्या सामन्यातला व्हिडिओ तुम्ही पाहिलात का?"

पाहिला होता. अख्ख्या सेगू शहराने पाहिला होता आणि पोट धरधरून हसलं होतं. कॉर्नरची वेळ असते. नुहूम गोलासमोर उभा असतो. समोरच्या संघाचा एक उंच बचावपटू येऊन त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो, आणि त्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'कुलिबाली'. नुहूमचं तोंड एकदम उजळतं. त्या पाठीवर सणसणीत थाप मारून, बत्तिशी दाखवत, मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये तो ओरडतो, "ए चवळीखाऊ! ए माझ्या गुलामा! हो बाजूला, मालकाला जाऊ दे!"

पोरगं परदेशात जाऊनही रीत विसरलं नाही म्हणून गल्लीतल्या बायका असितानचं कौतुक करून गेल्या होत्या. कुलिबालींच्या आळीतून तर रविवारी सकाळीच उकडलेल्या चवळीचं मोठं भांडं आलं होतं, सोबत निरोप: 'मालकांकडून गुलामांना.' असितानने चवळी खाल्ली होती आणि रिकामं भांडं कोळसा भरून परत पाठवलं होतं. सगळं कसं नीट, जिथल्या तिथे झालं होतं.

"त्याच्यावर तक्रार झाली आहे," वकीलबाई म्हणाल्या. "वंशद्वेषी अपमान. नियमाप्रमाणे दहा सामन्यांची बंदी."

असितान वर्गाबाहेर आली. हंगामाचे नऊच सामने उरले होते. नुहूमचा करार जूनमध्ये संपत होता, आणि क्लबने त्याला तोंडावर सांगितलं होतं की उरलेल्या सामन्यांत खेळ दिसला तर करार पुढे चालू, नाही तर घरचा रस्ता. वयाच्या नवव्या वर्षापासून ज्या पोराला तिने पहाटे उठवून मैदानावर सोडलं होतं, ज्याच्या बुटांना तिने स्वतः टाके घातले होते, तो एका चवळीपायी घरी येणार होता.

"पण बाई, तो मुलगाही काळा, आमचा मुलगाही काळा. वंशद्वेष कसला?"

"नियमात तसा अपवाद नाही."

"अहो, तो अपमान नाहीच! केइता आणि कुलिबाली यांच्यात चेष्टेचं नातं असतं. पिढ्यान्‌पिढ्या. केइताने कुलिबालीला चवळीखाऊ म्हणायचं, गुलाम म्हणायचं. कुलिबालीने केइताला तेच म्हणायचं. बाजारात, लग्नात, पोलीस चौकीत, मयतीतसुद्धा. रागवायचं नाही. जो रागावला तो हरला."

"म्हणजे ते दोघे आधीपासून मित्र आहेत?"

"नाही. ओळख लागतच नाही. आडनाव पुरतं."

"म्हणजे तुमच्या भावाने एका अनोळखी माणसाला गुलाम म्हटलं."

फ्रेंचमध्ये सांगितलं की हे सगळं किती भयंकर वाटतं हे असितानच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. घरच्या बंबारा भाषेत तेच वाक्य गुळासारखं होतं.

"एक मार्ग आहे," वकीलबाई म्हणाल्या. "एखादे कुलिबालीच हे सांगतील तर? कोणी वयस्कर, प्रतिष्ठित. बुधवारी व्हिडिओवर सुनावणी आहे. फक्त माणूस गंभीर हवा."

गंभीर कुलिबाली! केइतासमोर गंभीर राहिलेला कुलिबाली असितानने चौतीस वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.

शाळा सुटल्यावर तिने आधी भावाला फोन लावला.

"तुला दुसरं काही सुचलं नाही का रे? 'काय भाऊ, कसा आहेस' असं विचारायला काय झालं होतं?"

"ताई, कुलिबालीला 'कसा आहेस' विचारू? त्याला काय वाटलं असतं?"

"आता काय वाटलंय ते कळलं ना?"

"मला काय माहीत तो इकडेच जन्मलाय!" नुहूमचा आवाज चिरकला. "चौदा महिने झाले गं. इथे क्लबमध्ये सगळे माझ्याशी चांगलं वागतात. प्लीज म्हणतात, थँक यू म्हणतात. एकाने धड टिंगल केली नाही. आणि एकदम डोळ्यांसमोर कुलिबाली! मला वाटलं, आपलं माणूस भेटलं. कॉर्नर सोडून त्याला मिठी मारावीशी वाटली."

असितानचा राग निम्मा उतरला, आणि म्हणूनच ती दुप्पट ओरडली. "मग आता माफीचं पत्र लिही! वकीलबाई म्हणतात, माफी मागितली तर पाच सामन्यांवर निभावेल. चार खेळायला मिळतील."

"नाही लिहिणार."

"का? हात मोडलाय?"

"माफी मागितली म्हणजे मी खरंच शिवी दिली असं होईल. कुलिबालीची माफी कोणी मागतं का? कुलिबालींच्या झुमानाबाबांना काय तोंड दाखवू?"

"झुमानाबाबा तुझा करार करणार आहेत का?"

असितानला सगळ्यात जास्त चीड याची आली की गाढवाचं म्हणणं बरोबर होतं. सेगूत एखाद्या केइताने कुलिबालीची मनापासून माफी मागितली, तर लोक समजायचे की दोन घरांत काहीतरी तुटलंय. दोघा भावंडांचा बाप गेला तेव्हा तीन दिवस असितानच्या घशाखाली घास उतरला नव्हता. चौथ्या दिवशी झुमाना कुलिबाली अंगणात आले, बापाची टोपी डोक्यावर चढवली, बापासारखंच डावा पाय ओढत सगळ्यांमधून फिरले आणि दरडावून म्हणाले, "ऊठ रे केइता! मेल्याचं सोंग करून कामं चुकवतोस? माझं शेत कोण नांगरणार?" रडता रडता असितान हसायला लागली होती, आणि हसता हसता जेवली होती. त्या उपकाराची माफी मागायची कशी, हा प्रश्न कुठल्याच वकिलाच्या पुस्तकात नव्हता.

झुमाना कुलिबाली नदीकाठी होड्या बांधत. वय अठ्ठ्याहत्तर, दात चार, हात अजून खणखणीत. असितान उन्हातान्हातून पोचली तेव्हा ते एका उलट्या होडीच्या फटींत चिंध्या ठासत होते.

"बाबा, एक फार महत्त्वाचं काम आहे."

म्हाताऱ्याने वर पाहिलंच नाही. बाजूला बांधलेल्या शेळीला विचारलं, "कोणी बोललं का गं? वास तर केइताचा येतोय. पण केइता इतकं सभ्य बोलत नाहीत. वाट चुकलेलं कोणी असेल."

"बाबा, मस्करी नको. नुहूम अडचणीत आहे."

"माझा गुलाम अडचणीत? मग आधी नाही का सांगायचं? वेळेत विकून टाकला असता."

"बाबा, हात जोडते—"

"ऐकलंस?" ते शेळीला म्हणाले. "हात जोडते म्हणे. आजारी दिसते."

असितानने डोळे मिटून घेतले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. चौथीची पोरं, उलटी नदी, वकीलबाईंचा मऊ आवाज, सगळं डोक्यात गेलं होतं. "अरे चवळीखाऊ म्हाताऱ्या!" ती किंचाळली. "तुझ्या पोटातल्या वाऱ्यावर ही होडी शिडाशिवाय मोप्तीला पोचेल! तुझ्या बापाला माझ्या आजोबांनी अर्ध्या कोंबडीला विकत घेतलं आणि तरी व्यवहारात बुडाले! आता मुकाट्याने ऐक माझं!"

"हं," झुमाना समाधानाने म्हणाले आणि हातातली चिंधी खाली ठेवली. "आता ओळखलं. बस पोरी, पाणी पी. काय झालंय?"

ती बोलत असताना त्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही. दहा सामने म्हणजे काय आणि जून म्हणजे काय, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग साक्ष द्यायला ते तयार झाले, एका अटीवर. सुनावणी त्यांच्या होडीपाशी व्हायची. मालक गुलामाच्या दारी जात नाही.

पुढचे दोन दिवस असितानने त्यांना चार वाक्यं शिकवली. तिच्याकडे साठ पोरांना पाढे पाठ करून घेण्याचा अनुभव होता, पण या एका म्हाताऱ्याने तिला नाकी नऊ आणले.

"म्हणा, 'केइता हे आमचे आदरणीय नातेवाईक आहेत.'"

"केइता हे आमचे..." झुमानांनी तोंड वाकडं केलं. "पुढचा शब्द घशात अडकतो गं. माशाचा काटा बरा."

"नुहूमच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, बाबा!"

"म्हणून तर म्हणतोय. खोटी साक्ष दिली तर पोराला लागेल." ते मनापासून बोलत होते की थट्टेने, हे सांगता येणं शक्यच नव्हतं. अखेर असितानने हात टेकले. तिने चारही वाक्यं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिली आणि होडीच्या फळीला खिळ्याने ठोकली, म्हणजे फोनवर बोलताना समोर दिसतील.

बुधवारी दुपारी तीन वाजता झुमाना कडक इस्त्रीचा निळा झगा आणि पांढरी टोपी घालून हजर होते. असितानच्या जिवात जीव आला. फोन रंध्याला टेकवून उभा केला होता, शेळीला लांब बांधलं होतं. पडद्यावर चौकोनात तोंडं उमटली. समितीचे तीन सदस्य, त्यात पांढऱ्या केसांचे अध्यक्ष. वकीलबाई. कोणाचा तरी टाय घालून बसलेला नुहूम, मान खाली. एका कोपऱ्यात दुभाषी, बामाकोचा कोणी विद्यार्थी. आणि शेवटच्या चौकोनात तो उंच बचावपटू, एकोणीस-वीस वर्षांचा, ओठ घट्ट मिटलेले.

"कुलिबालीसाहेब," अध्यक्ष म्हणाले, "ज्याच्यावर आरोप आहे त्या खेळाडूला तुम्ही ओळखता?"

झुमानांनी फळीवरच्या कागदाकडे पाहिलं. मग पडद्यावरच्या नुहूमकडे पाहिलं. पोराचं उतरलेलं तोंड बघून त्यांच्या चेहऱ्यावर जी माया आली, तिनेच घात केला.

"ओळखतो," ते म्हणाले. "हा माझा गुलाम. याचा बापही माझाच गुलाम. पण कामाला अगदी टाकाऊ."

नुहूमने झटकन वर पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. दुभाष्याला खोकला आला. "साहेब, हे जरा... म्हणजे आमच्याकडे..."

"जे बोलले ते जसंच्या तसं सांगा," अध्यक्ष म्हणाले.

दुभाष्याने सांगितलं. समितीतल्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. असितानने कपाळावर हात मारला, तो एवढ्या जोरात की आवाज बेल्जियमपर्यंत गेला असावा.

"हे साक्षीदार नक्की कोणाच्या बाजूचे आहेत?" अध्यक्षांनी विचारलं.

"आमच्याच!" असितान पडद्यात डोकं घालून फ्रेंचमध्ये ओरडली. "साहेब, ते आमच्याच बाजूने बोलतायत! बाजू घेतली की ते असंच बोलतात! उद्या ते गोड बोलायला लागले तर आम्ही वैद्य बोलावू!"

"बाई, तुमची पाळी नाही."

वकीलबाईंनी कागद चाळले. जे वाचवता येईल ते वाचवावं म्हणून त्यांनी रीतीभातीचं काहीतरी वाचून दाखवलं. अध्यक्षांनी जांभई दाबली. मग त्यांनी शेवटच्या चौकोनातल्या पोराला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का?

"तक्रार मी केली नाही," तो म्हणाला. आवाज खोल आणि दमलेला होता. "माझ्या क्लबने केली. पण लागलं, हे खरं. दर दुसऱ्या शनिवारी प्रेक्षकांतून मला हाच शब्द येतो. माकडाचे आवाज येतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायला शिकलोय. पण माझ्यासारखाच दिसणारा माणूस येतो आणि हसत हसत तेच म्हणतो. तेव्हा मी कुठे बघायचं?"

दुभाष्याने हे बंबारात सांगितलं तेव्हा त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. असितानला तीन दिवसांत पहिल्यांदा नुहूमचा नाही, त्या दुसऱ्या पोराचा विचार आला, आणि तो इतक्या उशिरा आला याची तिला लाज वाटली.

झुमाना पुढे सरकले. "याचं नाव काय?"

"केविन."

"के-विन." म्हाताऱ्याने तो शब्द दोन्ही दाढांखाली चावून पाहिला. "बाप कोण?"

"बुरामा कुलिबाली. मी सहा वर्षांचा असताना गेले. आई इथलीच आहे."

"गाव कुठलं त्यांचं?"

"माहीत नाही," केविन म्हणाला. "विचारायला कोणी नव्हतं."

झुमानांनी डोक्यावरची टोपी काढली. समोर एक केइता उभी आहे, पडद्यावर दुसरा बसलाय, आणि तरी म्हाताऱ्याच्या तोंडावर चेष्टेचा मागमूस नाही, असं असितानने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिला थोडी भीतीच वाटली.

"मग चूक केइताची नाही," ते म्हणाले. "चूक आमच्या घराची. आमचं पोर इतकी वर्षं उपाशी राहिलं आणि आम्हाला पत्ता नाही. पोरा, तुझ्या हातात अर्धीच गोष्ट आली. त्याने टाकलेला शब्द तू परत टाकायचा असतो. परत टाकल्याशिवाय ते नातं होत नाही, नुसता मार होतो. दे उत्तर त्याला."

"हे कामकाजाला धरून नाही," अध्यक्ष म्हणाले.

तेवढ्यात नुहूम खुर्चीतून उठला. "मला बोलायचंय. केविन, प्रेक्षकांतून काय येतं ते मला ठाऊक होतं. मलाही येतं. तरी त्या दिवशी आनंदात मी विसरलो. त्याची माफी मागतो." असितानने श्वास रोखला. थांब, ती मनात म्हणाली, इथेच थांब, देवाशपथ थांब. "पण तुला चवळीखाऊ म्हटल्याची माफी मागणार नाही. कारण तो तू आहेसच."

वकीलबाईंनी डोळे मिटले. असितानला पडद्यातून हात घालून भावाचा कान उपटावासा वाटला.

केविनने नुहूमकडे पाहिलं. मग चाचपडत, नव्या भाषेतलं पहिलं वाक्य बोलावं तसा तो म्हणाला, "तुझा... तुझा डावा पाय लाकडाचा आहे."

"एवढंच?" झुमाना कळवळले. "अरे, आमच्या शेळीला याहून बरं सुचतं!"

दुभाष्याने कोणी न सांगता हेही भाषांतर केलं. केविनच्या मिटलेल्या ओठांचा एक कोपरा हलला. "आणि," तो म्हणाला, "गुलाम तू. मालक मी."

"शाब्बास!" झुमाना ओरडले आणि होडीवर अशी थाप मारली की फोन रंध्यावरून घसरून भुशात पडला. असितानने तो पुसून सरळ करेपर्यंत फोनमधून फक्त अध्यक्षांचा आवाज ऐकू येत होता. ते कोणाला तरी सांगत होते, "नोंद करा. हेही नोंद करा."

शुक्रवारी निकाल आला. नुहूम केइता, सहा सामने. काही अंशी दिलगिरी व्यक्त केल्यामुळे शिक्षा कमी. केविन कुलिबाली, दोन सामने. समितीसमोर प्रतिपक्षाचा अपमान केल्याबद्दल.

असितानने तो निकाल दोनदा वाचला, आणि शाळेची घंटा होताच तरातरा नदीकाठ गाठला.

"दोन सामने! तुमच्या नादी लागून त्या बिचाऱ्या पोरालाही दोन सामने! ज्याला मारलं त्यालाच शिक्षा!"

"आमच्या पोरालाही मिळाले?" झुमानांचा चेहरा खुलला. "मग घरचाच झाला म्हणायचा."

"आणि नुहूमला सहा! चार वाक्यं लिहून दिली होती मी, चार! ती वाचली असती तर—"

"सहा गेले की तीन उरतात ना? केइताला तीन पुष्कळ झाले. चौथ्याला त्याला धाप लागते."

असितान एक अक्षर न बोलता वळली आणि चालू लागली. आंब्याच्या झाडापर्यंत गेल्यावर तिच्या लक्षात आलं की असं मुकाट्याने निघून गेलं, तर म्हाताऱ्याला खरंच वाटेल ती रागावलीये. ती खरंच रागावली होती. तरीही ती तेवढं सगळं अंतर परत आली, "मर इथेच चिंध्या ठासत, गुलामा!" असं ओरडली, आणि मग घरी गेली. मागून म्हाताऱ्याचं हसू बराच वेळ ऐकू येत राहिलं.

नुहूम रोज सराव करत होता आणि शनिवारी बाकावरसुद्धा बसायची मनाई म्हणून खोलीत बसत होता. तीन सामन्यांत एका पोराने सगळं काय ते दाखवायचं होतं. असितानला रात्रंदिवस तेच तीन सामने डोळ्यांसमोर दिसत होते. पुढच्या गुरुवारी मधल्या सुट्टीत फोन वाजला, पुन्हा बेल्जियमचा नंबर, ओळखीचा नसलेला, तेव्हा आता आणखी काय म्हणून तिने तो जवळजवळ खेकसूनच घेतला.

"मी केविन," पलीकडून आवाज आला. "केविन कुलिबाली. नुहूमने नंबर दिला. तुम्ही शिक्षिका आहात ना?"

"आहे. का?"

"तो मला रोज फोन करून शिव्या देतो. माझी उत्तरं संपली. लाकडाचा पाय किती वेळा म्हणणार? त्याला काय लागेल असं तुम्ही सांगाल का? तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता."

असितान तोंड उघडं टाकून उभी राहिली. एक कुलिबाली तिच्याकडे तिच्याच भावाला द्यायच्या शिव्या मागत होता. या सगळ्या प्रकरणात आता एवढंच व्हायचं राहिलं होतं.

"आणखी एक विचारायचं होतं," केविन म्हणाला. आता त्याचा आवाज बदलला होता. "बाबा गेले तेव्हा घरी एक माणूस आला होता. बाबांचा मित्र, दर रविवारी यायचा. दोघं एकमेकांवर ओरडायचे. मला वाटायचं त्यांचं भांडण आहे. तर तो आला, खुंटीवरचा बाबांचा कोट घातला, आणि बाबा शेवटी शेवटी खोकायचे तसा खोकत सगळ्यांसमोर घरभर फिरला. शवपेटीपाशी जाऊन म्हणाला, ऊठ आळशा, कामं पडलीत. आईने त्याला हाकलून दिलं. मी त्याच्या पायाला चावलो होतो. चौदा वर्षं मी त्या माणसाचा द्वेष केला. त्याचं नाव केइता होतं. ते... हे होतं का?"

असितानला बापाची टोपी दिसली, ओढत टाकलेला डावा पाय दिसला.

"हेच होतं," ती म्हणाली. "आमच्याकडे ते सगळ्यात जवळच्या माणसालाच करता येतं. तो माणूस त्या दिवशी घरी जाऊन खूप रडला असेल, पोरा. आणि तू चावलास त्या जागेवर हात फिरवत बसला असेल."

केविन रडतोय हे असितानला कळलं. तिने त्याला रडू दिलं.

"तो अजून इथे आमच्याच गावात असतो," शेवटी तो म्हणाला. "एकदा दुकानात दिसला. मी रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूने गेलो."

"मग आता तोच रस्ता ओलांडून त्याच्याकडे जा. आणि भेटलास की पहिला शब्द काय म्हणशील?"

केविन दबकत म्हणाला, "गुलामा?"

"म्हाताऱ्या गुलामा," असितान म्हणाली. "वयाचा मान ठेवायचा."

तो ओल्या आवाजात हसला. तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली. चौथीची पोरं धूळ उडवत वर्गात शिरली, आणि फळ्यावर कोणीतरी जोलिबा पुन्हा उलटी काढून ठेवली होती. असितानने डोळे पुसले, हात वर करून वर्गाला गप्प केलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वही घे," ती म्हणाली. "नुहूम सहा वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा. लिहिलंस? पुढे लिही."